गोळ्यांचा हिशेब कोण ठेवणार?

पुण्यातल्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिकाच्या घरी जा, जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी एक डबा हमखास दिसतो. कधी तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, कधी मिठाईचा प्लॅस्टिकचा. आत गोळ्यांच्या पट्ट्या असतात. काही पूर्ण, काही मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या, त्यामुळे नावही अर्धेच उरलेल्या. तळाशी दोन-तीन जुन्या चिठ्ठ्या घडी घालून ठेवलेल्या असतात. या डब्यात नवी पट्टी येते तेव्हा घरात सगळ्यांना कळते. पण जुनी पट्टी कधी निघाली, हे सहसा कोणाला सांगता येत नाही, कारण बहुतेक वेळा ती निघालेलीच नसते.

समजा, असा एक डबा कोथरूडमधल्या ७४ वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांचा आहे. त्यांना पंचवीस वर्षांपासून रक्तदाब आणि पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. गुडघे दुखतात, प्रोस्टेटचा त्रास आहे आणि झोप नीट लागत नाही. हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, हाडांचे वेगळे, लघवीच्या तक्रारींचे वेगळे. ज्यांच्याकडे सगळे घर जायचे ते फॅमिली डॉक्टर वयोमानाने दवाखाना बंद करून बसले आहेत. हे गृहस्थ काल्पनिक आहेत, पण त्यांच्या डब्यातली एकही गोळी काल्पनिक नाही. आपल्या शहरातल्या हजारो डब्यांत हीच औषधे थोड्याफार फरकाने सापडतील.

नऊ पट्ट्या, सोळा औषधे

त्यांच्या डब्यात नऊ प्रकारच्या गोळ्या आहेत. पहिली रक्तदाबाची, तिच्यात टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी दोन औषधे आहेत. दुसरीही रक्तदाबाचीच, अ‍ॅम्लोडिपिन. तिसरी शुगरची, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली. चौथी हृदयासाठीची कॅप्सूल. तिच्यात अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलसाठीचे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन अशी तीन औषधे आहेत. पाचवी पित्ताची, पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोनची. सहावी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. सातवी गुडघ्यांसाठी, अ‍ॅसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. आठवी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची. नववी झोपेची, क्लोनाझेपाम.

गोळ्या नऊ, पण औषधे सोळा. हा फरक आपल्याकडे मुद्दाम सांगावा लागतो, कारण एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र करून विकण्याची पद्धत भारतात फार रुळली आहे. अशा मिश्र गोळ्या सरसकट वाईट नाहीत. रक्तदाबाच्या दोन औषधांची एकच गोळी केली तर ती चुकण्याची शक्यता कमी होते. पण ज्या मिश्रणांना वैद्यकीय आधार नाही अशी अनेक मिश्रणे बाजारात आली. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली ती यामुळेच. आपल्यापुरता धडा एवढाच की, ‘मी फक्त नऊ गोळ्या घेतो’ हे उत्तर अपुरे आहे. प्रत्येक पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले घटक मोजले पाहिजेत.

रोज पाच किंवा त्याहून जास्त औषधे नियमित घेणे याला वैद्यकशास्त्रात ‘पॉलिफार्मसी’ म्हणतात. हा शब्द म्हणजे दोषारोप नाही. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार एकत्र असतील तर पाच-सहा औषधे खरोखरच लागू शकतात. प्रश्न आकड्याचा नाही. प्रत्येक औषध आजही लागते का, दुसऱ्या औषधाशी त्याचे जमते का आणि आजच्या वयाला, वजनाला व मूत्रपिंडाला त्याचा डोस झेपतो का, हा खरा प्रश्न आहे. हे तपासण्याच्या कामाला आपण ‘औषध आढावा’ म्हणू.

एकेक डॉक्टर बरोबर, बेरीज चुकीची

कोथरूडच्या गृहस्थांच्या डब्याचाच आढावा घेऊ. यातल्या एकाही डॉक्टरांनी ढोबळ चूक केलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या आजारापुरते औषध दिले. अडचण आहे ती या सगळ्यांच्या बेरजेत.

पहिली बेरीज मूत्रपिंडाची. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि अ‍ॅसेक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक ही तीन औषधे एकत्र आली की मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्यावर तीन बाजूंनी ताण येतो. एरवी तो चालून जातो. पण जुलाब झाले, ताप आला किंवा एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले, तर काही दिवसांत क्रिएटिनिन वाढू शकते. हाडांच्या डॉक्टरांना रक्तदाबाच्या गोळीतल्या दुसऱ्या घटकाची कल्पना नसते आणि हृदयाच्या डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळीची.

दुसरी बेरीज रक्तस्रावाची. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही दोन्ही औषधे रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत. त्यांच्या जोडीला वेदनाशामक आले की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शिवाय स्टेंट बसवल्यानंतर ही दोन औषधे एकत्र साधारण वर्षभर देतात, काहींना त्याहून कमी तर काहींना जास्त काळ. त्यानंतर बहुतेकांना एकच पुरते. सहा वर्षांनंतरही दोन्ही चालू असतील तर त्यामागे तसे कारण असू शकते. पण अनेकदा जुनीच चिठ्ठी पुढे चालू राहिलेली असते. हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारायलाच हवे.

तिसरी बेरीज पडण्याची. टॅमसुलोसिनमुळे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठून उभे राहताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. क्लोनाझेपाममुळे पावले अडखळतात आणि सकाळपर्यंत गुंगी राहते. रात्री दोन वाजता लघवीला उठलेला माणूस न्हाणीघराच्या उंबऱ्याशी का पडला, याचे उत्तर कधीकधी ओल्या फरशीपेक्षा गोळ्यांच्या डब्यात असते. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण आणि काहींच्या बाबतीत पुन्हा पूर्वीसारखे चालता न येणे.

चौथी बेरीज शुगरची. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते; माणूस जेवला आहे की नाही, हे ते पाहत नाही. संकष्टीचा किंवा एकादशीचा उपवास असेल, दिवसभर चहा आणि थोडे शेंगदाणे एवढेच पोटात गेले असेल आणि गोळी मात्र नेहमीची घेतली असेल, तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तरुणांना अशा वेळी घाम येतो, धडधडते. वृद्धांमध्ये ही लक्षणे पुसट असतात. ते नुसतेच गोंधळल्यासारखे बोलतात किंवा झोपाळतात आणि घरच्यांना वाटते, वयामुळे असेल.

औषधामागे औषध

डबा भरत जाण्याचे आणखी एक कारण आहे. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यासाठी दुसरे औषध सुरू होते. पॉला रोशॉन आणि जेरी गुर्विट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात या साखळीकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले.

उदाहरणे रोजच्या पाहण्यातली आहेत. अ‍ॅम्लोडिपिनमुळे काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती सूज शरीरात पाणी साठल्याची समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. त्या गोळीने यूरिक अ‍ॅसिड वाढते, अंगठा सुजतो, मग यूरिक अ‍ॅसिडची गोळी आणि वेदनाशामक. वेदनाशामकाने रक्तदाब वाढतो आणि पोटात जळजळ होते. मग रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढतो आणि पित्ताची गोळी कायमची होते. सुरुवातीलाच अ‍ॅम्लोडिपिनचा डोस कमी केला असता किंवा औषध बदलले असते, तर पुढची सगळी साखळी टळली असती.

मेटफॉर्मिनची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे औषध चांगले, जुने आणि स्वस्त आहे. पण ते वर्षानुवर्षे घेतले तर ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होऊ शकते. पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही तसेच होते. आपल्याकडे शाकाहारी घरांत ब-१२ आधीच बेताचे असते. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या की ‘मधुमेहामुळे नसा खराब झाल्या’ असे समजून नसांची गोळी सुरू होते. खरे कारण ब-१२ ची कमतरता असेल तर ते साध्या रक्ततपासणीत कळते आणि त्यावर उपाय आहे.

याच डब्यातले डोम्पेरिडोन पाहा. मळमळीवरचे हे औषध थोड्या दिवसांसाठी आहे. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका, विशेषतः साठीनंतर, लक्षात घेऊन युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये ते साधारणपणे एका आठवड्यापेक्षा जास्त वापरू नये असे सांगितले. आपल्याकडे पित्ताच्या गोळीच्या जोडीने ते लोक वर्षानुवर्षे घेतात, अनेकदा आपण हे औषध घेतो आहोत याची त्यांना कल्पनाही नसते.

आढाव्यात फक्त औषधे कमीच करायची असतात असे मात्र नाही. या गृहस्थांना अ‍ॅस्पिरिन चालू आहे आणि वय सत्तरच्या पुढे आहे, म्हणून पँटोप्राझोल त्यांच्या जठराचे रक्षण करते आहे. ‘पित्ताच्या गोळ्या वाईट असतात’ हे ऐकून ते काढून टाकले तर उलटा परिणाम होईल. काही वेळा आढाव्यात एखादे आवश्यक औषध राहून गेल्याचेही लक्षात येते.

चिठ्ठीबाहेरची औषधे

डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसलेली औषधे हा आढाव्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. कारले-जांभळाचे चूर्ण शुगरच्या गोळीसोबत घेतले तर शुगर अपेक्षेपेक्षा जास्त उतरू शकते. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळण्याची सवय निरुपद्रवी वाटते, पण ते रोज आणि जास्त प्रमाणात घेतले तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या सर्दीच्या गोळीत बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन असते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी त्याने अडू शकते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकत्र घेतली तर थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे.

पुण्यात आणखी एक प्रकार सर्रास आढळतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेहून येताना मोठमोठ्या बाटल्या आणतात. त्यातल्या ‘टायलेनॉल पीएम’मध्ये पॅरासिटामॉल आणि डायफेनहायड्रामिन ही दोन औषधे असतात. तिकडे पॅरासिटामॉलला ‘अ‍ॅसिटॅमिनोफेन’ म्हणतात, त्यामुळे गुडघ्याच्या गोळीतले आणि बाटलीतले औषध एकच आहे हे कळत नाही. डायफेनहायड्रामिन हे झोप आणणारे जुने औषध वृद्धांमध्ये संभ्रम निर्माण करते. अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठी जी टाळण्याजोग्या औषधांची यादी आहे, तिच्यातच त्याचे नाव आहे. ही यादी डॉ. मार्क बियर्स यांनी १९९१ मध्ये तयार केली. ‘बियर्स निकष’ म्हणून ती ओळखली जाते आणि अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली.

इतर देशांत हे काम कोणाचे?

औषध आढावा ही आता अनेक देशांत आरोग्य योजनेचीच जबाबदारी आहे. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेत औषधांचा विमा २००६ पासून सुरू झाला. हा विमा देणाऱ्या कंपन्यांवर कायद्याने एक अट आहे: ज्या सभासदांना अनेक दीर्घकालीन आजार आहेत, अनेक औषधे चालू आहेत आणि ज्यांचा औषधांचा खर्च ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे, त्यांना वर्षातून एकदा संपूर्ण औषध आढावा विनाशुल्क देऊ करायचा. बहुधा फार्मासिस्ट समोर बसून किंवा फोनवर सभासदाशी बोलतो. शेवटी सभासदाच्या हाती दोन कागद येतात. एक, सध्याच्या सर्व औषधांची यादी. दुसरा, काय करायचे आणि कोणाला काय विचारायचे याची टिपणे.

ऑस्ट्रेलियात २००१ पासून डॉक्टरांच्या शिफारशीवरून फार्मासिस्ट घरी येऊन औषधे पाहतो. घरी आल्याचा फायदा असा की, उशाखालची आणि फ्रिजमधली औषधेही त्याला दिसतात. इंग्लंडमध्ये २०२० पासून स्थानिक दवाखान्यांच्या गटांनी असा आढावा घ्यायचा ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा तीन जागी विशेष लक्ष द्यायला सांगितले: धोक्याची औषधे व परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधे आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तो टप्पा. औषधांच्या चुकांपायी जगाला दरवर्षी सुमारे ४२ अब्ज डॉलर मोजावे लागतात, असा संघटनेचा अंदाज आहे.

याचा उपयोग किती होतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. युरोपातल्या चार देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या, अनेक औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांवर केलेल्या ‘ओपेराम’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा आढावा घेतला त्यांच्यापैकी ८६ टक्के रुग्णांच्या औषधांत काही ना काही अयोग्य आढळले. आढाव्यानंतर औषधे कमी करता आली आणि त्याने रुग्णांचे नुकसान झाले नाही. मात्र औषधांमुळे पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणजे आढावा हा चमत्कार नाही. नको असलेले औषध सुरक्षितपणे थांबवता येते, एवढे मात्र त्यातून दिसते. आणि घरच्यांसाठी तेही कमी नाही.

आपल्याकडे कायदा आहे, विमाही आहे

भारतात हा विचार नवा नाही. जानेवारी २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत नोंदणीकृत फार्मासिस्टची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत समोर आलेली चिठ्ठी आणि रुग्णाची नोंद तपासणे, एकाच प्रकारचे औषध दोनदा नाही ना, दोन औषधांचे आपसांत जमते का, डोस आणि कालावधी बरोबर आहे का हे पाहणे आणि रुग्णाला समजावून सांगणे यांचा समावेश आहे. फार्म-डी हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला, तो रुग्णाजवळ बसून हेच काम करू शकणारे फार्मासिस्ट तयार व्हावेत म्हणून. पुण्यासारख्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांच्या शहरात अशी शिकलेली मुले-मुली आहेत.

मग अडते कुठे? संध्याकाळी सात वाजता मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून पाहावे. दहा माणसे हात पुढे करून उभी असतात, कोणी मोबाइलवर जुन्या पट्टीचा फोटो दाखवतो, कोणी फोनवरून ऑर्डर देतो. समजावून सांगण्याचे वेगळे पैसे नाहीत आणि त्यासाठी वेळही नाही. शिवाय निम्मी औषधे या दुकानातून, निम्मी सवलत देणाऱ्या अ‍ॅपवरून आणि काही जनऔषधी केंद्रातून येतात. पूर्ण डबा यापैकी कोणालाच दिसत नाही.

आरोग्य विम्याचे गणितही असेच आहे. आपल्याकडचा बहुतेक विमा रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डात ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही मोठी सोय आहे. पण तीही दाखल होण्याशी बांधलेली आहे: दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस. खासगी पॉलिसीही सहसा याच धर्तीच्या असतात. म्हणजे आजोबा पडले आणि खुब्याचे हाड मोडले, तर लाखांचे बिल भरायला योजना तयार आहे. ते पडू नयेत म्हणून अर्धा तास त्यांच्या गोळ्या तपासायला मात्र कोणीही पैसे देत नाही.

या बाबतीत पेन्शनरांचे पुणे इतर शहरांना वाट दाखवू शकते. निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीची सीजीएचएस, २००३ मध्ये सुरू झालेली माजी सैनिकांची ईसीएचएस आणि कामगारांची राज्य विमा योजना या तिन्हींचे हजारो सभासद या शहरात, खडकी-देहूरोडपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत राहतात. या योजना रुग्णालयाच्या बिलाबरोबरच रोजची औषधेही देतात, त्यामुळे सभासदाच्या औषधांचा मोठा भाग एकाच ठिकाणी नोंदलेला असतो. ज्या सभासदाला आठ-दहा औषधे चालू आहेत त्याचे नाव वेगळे काढून त्याला वर्षातून एकदा आढाव्यासाठी बोलावणे, ही सुरुवात करायला याहून सोयीची जागा नाही. खासगी विमा कंपन्या वार्षिक तपासणीचे कूपन देतात. त्यात साखर-कोलेस्टेरॉलच्या जोडीला औषध आढावाही देता येईल. भागाभागातले ज्येष्ठ नागरिक संघ फार्मसी महाविद्यालयांच्या मदतीने वर्षातून एक शिबिर घेऊ शकतात. रक्तदाब मोजण्याची शिबिरे होतातच, त्याच मांडवात गोळ्याही पाहता येतील.

तोपर्यंत घरी काय करावे?

योजना करील तेव्हा करील. तोवर हे काम घरच्यांनी सुरू करावे. पहिले पाऊल सोपे आहे: एक कापडी पिशवी घ्या आणि घरातली त्या व्यक्तीची सगळी औषधे तिच्यात भरा. चिठ्ठीतली, चिठ्ठीबाहेरची, चूर्ण, काढे, डोळ्यांचे थेंब, मलम, इन्हेलर, इन्सुलिन, परदेशी बाटल्या, काहीही वगळू नका. मग एका कागदावर तक्ता करा. औषधाचे नाव, आतले घटक, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायचे, कशासाठी, कोणी दिले, केव्हापासून. ‘कशासाठी’च्या रकान्यात जिथे काही लिहिता येणार नाही, तिथे पहिली खूण करा. एकच घटक दोनदा आला असेल तिथे दुसरी. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर असे फार होते. तिथे त्याच औषधाची वेगळ्या नावाची पट्टी मिळते आणि घरची जुनीही चालू राहते.

सोबत अलीकडचे रक्ताचे अहवाल ठेवा: क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, सोडियम, पोटॅशियम, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, ब-१२. ईजीएफआर मुद्दाम पाहायला सांगा. अंगावर मांस कमी असलेल्या वृद्धांमध्ये क्रिएटिनिनचा आकडा ठीक दिसतो, तरी मूत्रपिंडाचे काम घटलेले असू शकते आणि बऱ्याच औषधांचा डोस त्यावरच ठरतो. घरी रक्तदाब मोजता येत असेल तर बसून आणि उभे राहून असा दोनदा मोजून लिहा.

आता या पिशवीसह एकाच डॉक्टरांकडे जा. फॅमिली डॉक्टर असतील तर उत्तम, नसतील तर एखादे फिजिशियन. ‘आज नवी तक्रार नाही, फक्त औषधे पाहायची आहेत’ असे सांगून वेगळी वेळ घ्या. तपासणीची फी आनंदाने द्या, कारण हे अर्ध्या तासाचे काम आहे. एवढे प्रश्न विचारा: यातले प्रत्येक औषध अजून लागते का? कोणते किती दिवस घ्यायचे आहे? यातली कोणती दोन एकत्र नकोत? माझी नवी तक्रार एखाद्या औषधामुळे तर नाही? डोस वयाला आणि मूत्रपिंडाला योग्य आहे का? उपवासाच्या दिवशी, जुलाब-उलट्या झाल्या तर कोणती गोळी थांबवायची? इतर तज्ज्ञांना विचारायचे असेल तर त्यांच्या नावे दोन ओळी लिहून मागा.

असा आढावा वर्षातून एकदा तरी व्हावा. पण रुग्णालयातून घरी आल्यावर, पडल्यावर, अचानक गोंधळल्यासारखे वागू लागल्यावर, वजन बरेच घटल्यावर किंवा नवे तज्ज्ञ जोडले गेल्यावर वर्षाची वाट पाहू नये. एखाद्या औषधाने त्रास झाला असे वाटले तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतात. त्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे.

स्वतःहून बंद करू नका

हा लेख वाचून आज रात्रीपासून चार गोळ्या बंद करायचे ठरवले असेल, तर थांबा. काही औषधे एकदम थांबवणे हे ती घेत राहण्यापेक्षा धोक्याचे असते. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची औषधे अचानक बंद केली तर छातीत दुखणे, धडधड वाढू शकते. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम वर्षानुवर्षे घेतल्यावर एकदम सोडले तर झोप पूर्ण उडते, थरथर होते, क्वचित झटकेही येतात. ते आठवड्याआठवड्याने थोडे थोडे कमी करावे लागते. फिट्सची औषधे आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांचेही तसेच. नव्याने बसवलेल्या स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवणे तर जिवावर बेतू शकते. म्हणून आपण कागदावर खुणा करायच्या. गोळी काढायची की ठेवायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

कोथरूडच्या गृहस्थांची पिशवी अशी नीट पाहिली गेली, तर कदाचित अ‍ॅसेक्लोफेनॅक आणि डोम्पेरिडोन थांबेल. हृदयाचे डॉक्टर क्लोपिडोग्रेलबद्दल निर्णय देतील. ग्लिमेपिराइडच्या जागी शुगर खाली न पाडणारे औषध येईल. झोपेची गोळी दोन-तीन महिन्यांत सुटेल. ब-१२ कदाचित नव्याने सुरू होईल. सोळांपैकी चार-पाच औषधे कमी होतील आणि एक-दोन नवी येतील. बाकीची आहेत तशीच राहतील, पण प्रत्येकापुढे ती कशासाठी आहे ते लिहिलेले असेल.

वर्षातला कोणता दिवस निवडावा, असा प्रश्न असेल तर दिवाळीआधीची आवराआवर सोयीची. माळे, कपाटे, फडताळे आपण रिकामी करतोच. त्या दिवशी टेबलावरचा तो डबाही उलटा करावा, मुदत संपलेल्या पट्ट्या बाजूला काढाव्यात, उरलेल्यांचा तक्ता करावा आणि फटाक्यांच्या गडबडीआधी डॉक्टरांची वेळ घ्यावी. त्या तक्त्याची एक प्रत आजोबांच्या पाकिटात आणि एक मुलांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री-अपरात्री रिक्षा करून रुग्णालयात जावे लागले, तर तिथले डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात: गोळ्या कोणत्या चालू आहेत?